रिकामी जागा राखणारं खातं

सिंगापूरमध्ये राहत्या घरांनी जेवढी जमीन व्यापली आहे, त्याहून जास्त जमीन लष्कराकडे आहे. २०१० सालच्या सरकारी हिशोबानुसार देशाची १९ टक्के जमीन संरक्षणाच्या वाट्याला होती आणि घरांच्या वाट्याला १४ टक्के. उद्योग-व्यापाराला १३, रस्ते-रेल्वेला १२, उद्यानं आणि राखीव जंगलांना ८, पाण्याच्या तलावांना ५. गगनचुंबी इमारतींची छायाचित्रं पाहत आलेल्या माणसाला हा तक्ता आधी खोटाच वाटतो. पण देश म्हटला की रणगाड्यांच्या सरावाला माळरान लागतं, लढाऊ विमानांना धावपट्टी लागते, आणि ती शेजाऱ्याच्या अंगणात आखता येत नाही.

मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून साधारण ६०० चौरस किलोमीटर भरतात. भराव घालून घालून वाढवलेलं आजचं सिंगापूर ७३५ च्या आसपास आहे. म्हणजे दोन्हींचा जीव जवळपास सारखाच. फरक एवढाच की मुंबईला ‘बाहेर’ आहे. पाणी भातसा-वैतरणेवरून येतं, भाजी नाशिककडून येते, जागा संपली की माणूस बदलापूर-विरारला जातो. सिंगापूरला असं स्वतःच्या हक्काचं बाहेर नाही. विमानतळ, बंदर, तेलशुद्धीकरण कारखाने, तलाव, छावण्या, शाळा, स्मशानं आणि साठ लाख माणसं, सगळं त्याच चौकटीत बसवायचं. कोणाला काय आणि किती, हे ठरवण्यासाठी तिथे एक राष्ट्रीय पातळीवरचं खातं आहे: अर्बन रीडेव्हलपमेंट ऑथॉरिटी, तिथल्या लोकांच्या तोंडी ‘यूआरए’.

नावावरून हे जुन्या चाळी पाडून टॉवर उभारणारं प्राधिकरण वाटेल, आणि सुरुवातीला ते तसंच होतं. ब्रिटिशांनी १९२७ साली सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला होता. त्या ट्रस्टने तयार केलेला पहिला कायदेशीर विकास आराखडा १९५८ मध्ये मंजूर झाला. इंग्लंडमधल्या संथ शहरांसाठी ठीक असा तो आराखडा: वाढ सावकाश होईल, खासगी मालक हळूहळू बांधत जातील, सरकारने फक्त नियम सांभाळायचे. प्रत्यक्षात शहराच्या मध्यभागी एकेका खोलीत दोन-तीन कुटुंबं राहत होती आणि कडेने लाकडी झोपड्यांच्या वस्त्या पसरत होत्या. १९६० मध्ये हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे एचडीबी, स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या वस्तीला आग लागली. सोळा हजारांच्या आसपास माणसं एका दिवसात रस्त्यावर आली.

त्या आगीनंतर सरकारने भूसंपादनाच्या नियमात एक बदल केला. आगीत जळालेली जमीन सरकारने घेतली तर मोकळ्या जमिनीच्या किमतीच्या फार तर एक तृतीयांश मोबदला मिळेल, असा तो नियम. युक्तिवाद असा की वस्ती जळाल्यामुळे जमीन मोकळी झाली, तिचा भाव वाढला, आणि दुर्घटनेतून झालेला हा फायदा मालकाच्या खिशात जाऊ नये. तर्क बिनतोड आहे, आणि निर्दयही. पुढे सगळ्या देशाच्या जमिनीला जे धोरण लागू झालं, त्याचं बी इथे आहे.

याच काळात सिंगापूरने संयुक्त राष्ट्रांकडे तज्ज्ञ मागितले. १९६३ मध्ये आलेल्या तिघांमध्ये ओटो कोनिग्जबर्गर होते. बर्लिनमध्ये जन्मलेला हा वास्तुरचनाकार नाझींमुळे देश सोडून १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुरचनाकार म्हणून आला. जमशेदपूरचा विकास आराखडा आणि भुवनेश्वरची आखणी त्यांची. फाळणीनंतर निर्वासितांच्या घरांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ते भारत सरकारचे गृहनिर्माण संचालक होते. एकदा काढला आणि भिंतीवर टांगला, अशा आराखड्याचा उपयोग नसतो, हे त्यांनी भारतात पुरेपूर पाहिलं होतं. सिंगापूरला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं ते असं: मध्ये पाण्याचे तलाव आणि जंगल तसंच ठेवा, त्याभोवती कड्यासारखी एकामागून एक उपनगरं वसवा, आणि त्यांना वेगवान वाहतुकीने जोडा. १९६७ ते १९७१ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने त्याचा सविस्तर अभ्यास झाला आणि १९७१ मध्ये पहिला ‘कन्सेप्ट प्लॅन’ तयार झाला. आजच्या सिंगापूरच्या नकाशात ते कडं सहज ओळखता येतं.

यूआरए १९७४ मध्ये एचडीबीतून वेगळं निघालं. तेव्हा त्याचं काम फक्त मध्यवर्ती शहराच्या पुनर्विकासाचं होतं. १ सप्टेंबर १९८९ रोजी सरकारचा नियोजन विभाग त्यात विलीन झाला आणि ते अख्ख्या देशाचं नियोजन खातं बनलं. लिऊ थाई केर हे त्या टप्प्यावर त्याचे प्रमुख झाले. त्याआधी दहा वर्षं त्यांनी एचडीबीचा कारभार पाहिला होता. घरं बांधणाऱ्यानेच पुढे जमीन वाटायची, हा योग सिंगापूरला मानवला.

या खात्याच्या हाती दोन आराखडे असतात. एक लांब पल्ल्याचा, चाळीस-पन्नास वर्षांचा. पूर्वी त्याला कन्सेप्ट प्लॅन म्हणत, आता लाँग-टर्म प्लॅन म्हणतात. त्याला कायद्याचं बंधन नाही. विमानतळ कुठे जाईल, बंदर कुठे सरकेल, कोणत्या बाजूला माणसं वाढतील, एवढंच त्यात असतं. साधारण दर दहा वर्षांनी तो तपासला जातो. दुसरा ‘मास्टर प्लॅन’. आपल्या शब्दांत विकास आराखडा. तो कायदेशीर असतो, पुढच्या दहा ते पंधरा वर्षांचा असतो, आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरआढावा घेतलाच पाहिजे असं कायदा सांगतो.

मास्टर प्लॅन यूआरएच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. नकाशा मोठा करत गेलं की एकेका भूखंडापर्यंत पोचता येतं. निवासी भूखंडावर बहुधा एक आकडा असतो: १.४, २.१, २.८. हा तिथला एफएसआय, ‘ग्रॉस प्लॉट रेशो’. दहा हजार चौरस मीटरच्या भूखंडावर २.८ लिहिलेलं असेल, तर एकूण अठ्ठावीस हजार चौरस मीटर बांधकाम करता येईल. त्यात बाल्कनी धरायची का, जिना सोडायचा का, यावरून आपल्याकडे जी कसरत चालते ती तिथे अजिबात नाही असं नाही, पण आकडा नकाशातच छापलेला असल्यामुळे सुरुवात तरी एका जागेवरून होते. काही भूखंडांवर आकड्याऐवजी ‘रिझर्व्ह साइट’ असं लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ या जागेचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, तोवर चालेल असा तात्पुरता उपयोग करा. आपल्या आराखड्यात आरक्षण म्हणजे शाळेचं, बागेचं, दवाखान्याचं. ठरलं नाही म्हणून राखून ठेवलं, हे एक वेगळंच धाडस आहे.

माझ्या मते या खात्याचं खरं काम इथे आहे. आराखडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बांधायच्या गोष्टी येतात: रस्ते, पूल, मेट्रो. पण राष्ट्रीय पातळीवर जमिनीचं नियोजन करणाऱ्या संस्थेची कसोटी ती काय बांधते यावर लागत नाही. मोक्याची जागा तीस वर्षं रिकामी ठेवण्याचं बळ तिच्यात आहे का, यावर लागते.

मरीना बेचं उदाहरण घेऊ. तीन टॉवरांच्या माथ्यावर जहाज ठेवल्यासारखं दिसणारं हॉटेल, काचेचे घुमट, पाण्याकाठचे बँकांचे मनोरे, हे सगळं पर्यटकांच्या छायाचित्रांत असतं. त्या जमिनीचा भराव मात्र १९७० च्या दशकातच सुरू झाला. तेव्हा शहराच्या व्यापारी केंद्रात जागेची टंचाई अशी नव्हती. केंद्राला पुढे कधीतरी वाढावं लागेल आणि त्या वेळी लगतची जमीन मिळणार नाही, एवढाच अंदाज होता. भराव झाला, आणि मरीना साऊथ नावाचा तो मोठा तुकडा वर्षानुवर्षं तसाच राहिला. १९९० च्या दशकात तिथे काय होतं? स्टीमबोटची स्वस्त हॉटेलं, म्हणजे टेबलावरच उकळत्या पातेल्यात मासे-भाज्या शिजवून खायच्या जागा, खेळायची ठिकाणं आणि मोकळं गवत. तरुण मंडळी रात्री तिकडे जेवायला जात. शहराच्या नाकासमोर समुद्रकाठची जमीन, आणि तिच्यावर खाणावळी! दुसऱ्या कुठल्याही शहरात तिच्यावर एव्हाना चार योजना आणि दहा घोटाळे झाले असते.

मग एकेक गोष्ट येत गेली. २००८ मध्ये खाडीच्या तोंडाशी बंधारा झाला आणि पुढे आतलं पाणी गोड्या पाण्याचा तलाव बनलं. २०१० मध्ये ते हॉटेल उघडलं. २०१२ मध्ये १०१ हेक्टरचं ‘गार्डन्स बाय द बे’ उद्यान. देशातल्या सर्वांत महागड्या जमिनीवर बाग! ही चैन परवडली कारण ती जमीन कोणी विकत घेतलेली नव्हती, आणि बागेमुळे शेजारच्या भूखंडांची किंमत किती वाढेल याचा हिशोब आधीच मांडलेला होता.

मरीना बेच्या रस्त्यांखाली आणखी एक गोष्ट आहे, ती पर्यटकांना दिसत नाही. तिथे सेवावाहिन्यांचा एक सामाईक बोगदा आहे. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, दूरध्वनी-इंटरनेटच्या केबल, सगळं त्यातून जातं. माणसं आत चालत जाऊन दुरुस्ती करतात. नवी इमारत उभी राहिली तर तिची जोडणी बोगद्यातून होते, वरचा रस्ता फोडावा लागत नाही. जूनच्या तोंडावर खणलेल्या रस्त्यातून वाट काढणाऱ्या पुणेकर-मुंबईकरांना याचं महत्त्व समजावून सांगायची गरज नाही. पण असा बोगदा वस्ती झाल्यावर करणं जिकिरीचं असतं. जमीन रिकामी असतानाच तो सोयीने होतो.

चांगी विमानतळाची गोष्टही तीच. पाया लेबार इथला जुना विमानतळ वस्तीच्या मध्ये होता. त्यालाच दुसरी धावपट्टी जोडणं स्वस्त आणि लवकर होणारं काम होतं. १९७१ च्या आराखड्याने मात्र बेटाच्या पूर्व टोकाला चांगीची जागा हेरून ठेवली होती. तिथून विमानं समुद्रावरून चढतात-उतरतात, शहरावर गोंगाट होत नाही आणि विमानांच्या मार्गामुळे इमारतींची उंची फारशी अडत नाही. १९७५ मध्ये सरकारने चांगीचा निर्णय घेतला, १९८१ मध्ये विमानतळ सुरू झाला. उलट बाजूने पाहा: जुना पाया लेबार हवाई दलाकडे गेला, आणि आजही आसपासच्या मोठ्या भागात उंच इमारतींना परवानगी मिळत नाही. २०३० च्या दशकापासून हा तळ हलवायचा असं ठरलं आहे. ८०० हेक्टर जमीन मोकळी होईल, आणि भोवतालच्या उपनगरांची उंची सुटेल.

अशी वाट पाहायला पैसा आणि सत्ता दोन्ही लागतात. सिंगापूरकडे ती कुठून आली?

जमिनीतून. १९६० मध्ये सरकारकडे देशाची ४४ टक्के जमीन होती. १९८५ पर्यंत ती ७६ टक्के झाली. आज ९० टक्क्यांच्या आसपास आहे. हे १९६६ च्या भूसंपादन कायद्याने घडवलं. योगायोग असा की आपला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमही १९६६ चाच. सिंगापूरच्या कायद्यात सार्वजनिक कामाची व्याख्या इतकी ऐसपैस होती की घरं, उद्योग, व्यापार सगळं त्यात बसे. पण खरी मेख १९७३ च्या दुरुस्तीत आहे. ३० नोव्हेंबर १९७३ या दिवशीचा बाजारभाव किंवा संपादनाच्या वेळचा बाजारभाव, यातला जो कमी तो मोबदला. म्हणजे कोणाची जमीन १९८४ मध्ये घेतली, तरी भाव अकरा वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात शेजारून मोठा रस्ता गेला असेल, तर तो फायदा सरकारने निर्माण केलेला, मालकाचा त्यावर हक्क नाही. ही आधारतारीख १९८६ नंतर टप्प्याटप्प्याने पुढे सरकवली गेली. पूर्ण बाजारभावाने मोबदला द्यायला मात्र २००७ उजाडावं लागलं. तोवर जमीन बहुतेक घेऊन झाली होती.

हे लिहिताना आपल्या उरण-पनवेलची आठवण येणं अपरिहार्य आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली, आणि मोबदल्यावरून १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या. पाच माणसं गेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकाला परत. सिंगापूरमध्ये असा लढा झाला नाही. एकाच पक्षाची भक्कम सत्ता, विस्थापितांना एचडीबीचं घर मिळण्याची खात्री आणि विरोधाला फारशी जागा नाही, अशी तिन्ही कारणं त्यामागे आहेत. तिथल्या नियोजनाचं कौतुक करणारे यातलं मधलं कारण सांगतात आणि बाकीची दोन गाळतात.

घेतलेली जमीन सरकार पुन्हा कायमची विकत नाही. १९६७ पासून भूखंडांची विक्री निविदेने चालू आहे, आणि ती बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते. दर सहा महिन्यांनी यादी जाहीर होते. तिचे दोन भाग असतात. पहिल्यातले भूखंड ठरलेल्या महिन्यात विक्रीला येतात. दुसऱ्या, राखीव यादीतला भूखंड हवा असेल तर बिल्डरने आधी किमान अमुक एवढी बोली लावण्याची लेखी हमी द्यायची. ती सरकारला मान्य झाली तर निविदा निघते, नाहीतर भूखंड तसाच राहतो. बाजार थंड असला की पहिली यादी लहान करायची, तापला की वाढवायची. जमिनीचा नळ असा एकाच्या हातात असल्यावर घरांच्या किमतीवर थोडाफार ताबा ठेवता येतो. थोडाफारच. सिंगापूरमधली खासगी घरं स्वस्त आहेत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

आता पैशांची गोष्ट. जमीन विकून आलेला पैसा चालू सरकारला खर्च करता येत नाही. राज्यघटनेने तो राखीव निधीत टाकला आहे आणि त्याला हात लावायचा तर राष्ट्राध्यक्षांची संमती लागते. निधीच्या गुंतवणुकीतून मिळणाऱ्या अपेक्षित परताव्यातला जास्तीत जास्त अर्धा हिस्सा तेवढा अर्थसंकल्पात येतो. यंदा तूट आहे म्हणून समुद्रकाठचा भूखंड काढा विकायला, असं अर्थमंत्र्याला करता येत नाही. रिकामी जमीन रिकामी राहते, त्यामागे ही घटनात्मक कडी आहे. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या उत्पन्नात जादा एफएसआयचा प्रीमियम आणि विकास शुल्क यांचा वाटा मोठा आहे. ज्या तिजोरीला चटईक्षेत्र वाढवल्यावर पैसे मिळतात, तिने चटईक्षेत्रावर लगाम ठेवावा, ही अपेक्षाच जरा भाबडी.

खासगी जमिनीवर एफएसआय वाढला तर सिंगापूर पैसे घेत नाही असं मात्र नाही. वर उल्लेख केलेल्या भूखंडाचा आकडा २.८ वरून ३.५ झाला, तर मालकाला सात हजार चौरस मीटर जास्त बांधता येईल. त्यामुळे जमिनीची किंमत जेवढी वाढेल, त्याच्या ७० टक्के रक्कम साधारणपणे सरकारजमा होते. २००७ पूर्वी हा वाटा ५० टक्के होता. आकड्यांचे तक्ते सहा-सहा महिन्यांनी प्रसिद्ध होतात, म्हणून बिल्डरला आधीच हिशोब करता येतो. मंत्र्याच्या सहीने ‘विशेष बाब’ होण्याला मग फार मोल उरत नाही.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहिलं पाहिजे. कंपोंग म्हणजे खेडी, नारळीच्या सावलीतली लाकडी घरं, शेकड्यांनी उठली. मुख्य बेटावर आता एकच उरलं आहे, लोरोंग बुआंगकोक. ते खासगी जमिनीवर आहे आणि मास्टर प्लॅनमध्ये त्याच्यावरून शाळा आणि रस्ता आखलेला आहे. सरकारने २०१७ मध्ये संसदेत सांगितलं की हे काम काही दशकांनंतरचं आहे, सध्या तिथे काही बांधायचा विचार नाही. तिथल्या पंचवीस-एक घरांना तेवढं अभय आहे.

जमिनीचा हिशोब मेलेल्यांनाही चुकलेला नाही. १९९८ पासून दफनाची मुदत १५ वर्षं. मुदत संपली की अवशेष बाहेर काढून, धर्मरीतीप्रमाणे दहन करून किंवा लहान जागेत पुन्हा दफन करून ती जागा मोकळी केली जाते. नव्या दफनासाठी चुआ चू कांग हे एकच स्मशान उघडं आहे. बुकित ब्राऊन या जुन्या चिनी दफनभूमीत सुमारे एक लाख कबरी आहेत. कोरीव दगड, त्यांच्यावर मालकाच्या मूळ गावाची नावं, काही कबरींच्या दारी तर पगडीधारी शीख पहारेकऱ्यांचे पुतळे! २०११ मध्ये तिथून आठपदरी रस्ता न्यायचं जाहीर झालं. इतिहासाचे अभ्यासक, निसर्गप्रेमी, कबरींचे वारस एकत्र आले. सह्या झाल्या, पायी फेरफटके सुरू झाले, एकेका कबरीची नोंद केली गेली. रस्ता थांबला नाही. साडेतीन हजारांहून अधिक कबरी हलल्या आणि आज लॉर्नी हायवे तिथून जातो.

चेक जावाचं मात्र उलटं झालं. पुलाऊ उबिन बेटाच्या पूर्व टोकाचा हा ओहोटीला उघडा पडणारा किनारा. समुद्री तारे, मासे, शेवाळं यांनी भरलेला. भराव ठरलेला होता. २००१ मध्ये स्वयंसेवकांनी आणि शास्त्रज्ञांनी तिथल्या जीवसृष्टीची पाहणी करून ती सरकारपुढे ठेवली, लोक गर्दी करून बघायला आले, आणि सरकारने भराव पुढे ढकलला. लक्षात घ्या, रद्द केला नाही. सिंगापूरच्या कारभारात ‘पुढे ढकलला’ हा नकाराचा सौम्य आणि परतीचा दरवाजा उघडा ठेवणारा प्रकार आहे.

चुकाही झाल्या. २००१ च्या कन्सेप्ट प्लॅनने चाळीस-पन्नास वर्षांत लोकसंख्या ५५ लाख होईल असं धरून आखणी केली. २०१४ मध्येच ती ५४ लाख ७० हजारांवर पोचली. बाहेरून माणसं आणण्याचं धोरण एका हाताने वाढलं आणि घरं-गाड्या बांधणारा दुसरा हात मागे पडला. मेट्रो खचाखच भरू लागली, घरं महागली. २०१३ मध्ये सरकारने २०३० साठी ६९ लाखांचा आकडा मांडला तेव्हा हाँग लिम पार्कमध्ये लोक निषेधाला जमले. सिंगापूरसारख्या ठिकाणी ही साधी गोष्ट नव्हे. क्वालालंपूरला जोडणाऱ्या वेगवान रेल्वेच्या स्थानकासाठी जुराँगमधला एक गोल्फ क्लब ताब्यात घेतला गेला, आणि २०२१ च्या पहिल्याच दिवशी तो प्रकल्पच रद्द झाल्याचं जाहीर झालं. तरी जमीन सरकारकडे राहिली. तिचं पुढे काय करायचं हे ठरवायला अवकाश मिळाला. गोल्फच्या मैदानांबद्दल माझी सहानुभूती तशीही बेताचीच.

भाडेपट्टा संपल्यावर काय होतं, हेही आता दिसू लागलं आहे. गेलांग लोरोंग ३ इथल्या १९१ बैठ्या घरांचा ६० वर्षांचा पट्टा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. घरं जमिनीसह सरकारकडे गेली, मोबदला शून्य. ९९ वर्षांच्या पट्ट्यावर घर घेतलेल्या लाखो कुटुंबांच्या पोटात तेव्हापासून जास्तच गोळा आहे. जमीन कायम सरकारच्या हाती ठेवण्याचा हा दुसरा चेहरा, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत यूआरए आणि एचडीबीपुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच असेल असं मला वाटतं.

भारतात असं राष्ट्रीय खातं नाही, आणि होण्याची शक्यताही कमी. जमीन हा आपल्या घटनेत राज्यसूचीतला विषय आहे. दिल्लीत १९६२ पासून टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ऑर्गनायझेशन आहे, पण ती सल्ला देते, हुकूम नाही. त्यामुळे सिंगापूर करून दाखवू, या घोषणेला फारसा अर्थ नाही. ९० टक्के जमीन कुठल्याच राज्याकडे नाही, आणि ती १९७३ च्या सिंगापुरी भावाने घेणं आपल्या लोकशाहीत बसणारं नाही, बसूही नये. उचलण्यासारखं वेगळं आहे. दर पाच वर्षांनी होणारा फेरआढावा उचलण्यासारखा आहे. मुंबईचा १९८१ ते २००१ साठीचा आराखडा पूर्णपणे मंजूर व्हायला १९९४ उजाडलं, आणि २०१५ मध्ये त्याच्या पुढचा मसुदा चुकांमुळे मागे घ्यावा लागला. जमिनीच्या विक्रीचा पैसा चालू खर्चापासून वेगळा ठेवणं उचलण्यासारखं आहे. एफएसआय वाढला तर जनतेचा वाटा किती, याचा आकडा आधीच छापून ठेवणं तर आजही शक्य आहे.

यूआरएने २०२५ च्या जूनमध्ये पुढच्या मास्टर प्लॅनचा मसुदा लोकांपुढे मांडला. शहराजवळची बंदरं पश्चिमेला तुआसला नेऊन दक्षिण किनारा मोकळा करायचं काम आधीच सुरू आहे. तुआस बंदर पूर्ण व्हायला २०४० चं दशक लागेल. तोवर त्या किनाऱ्याचे बरेच तुकडे नकाशावर रिकामे दिसतील.

सिंगापूरला जाणं झालं तर मॅक्सवेल रोडवर यूआरएच्या इमारतीतच ‘सिंगापूर सिटी गॅलरी’ आहे. शहराच्या मध्यभागाची भली मोठी प्रतिकृती तिथे मांडून ठेवलेली आहे, प्रवेश मोफत आहे, आणि शेजारीच मॅक्सवेल फूड सेंटर असल्यामुळे जेवणाचीही सोय होते. निघण्यापूर्वी आपल्या गावाचा विकास आराखडा नगररचना कार्यालयात किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर एकदा बघून ठेवा. त्यात आपल्या गल्लीतल्या मैदानावर कसलं आरक्षण आहे आणि आज तिथे काय उभं आहे, एवढं जरी टिपून नेलंत तरी तिथला तास सत्कारणी लागेल.